उशीर कुणाचा, भुर्दंड कुणाला?



जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी, त्यानंतर विलंब शुल्क लागते, असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. उशीर करणाऱ्या आईबापांच्या बाबतीत ते ठीकच. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात देवरी-सालेकसाकडे एखादे टाकून दिलेले बाळ सापडले, तर तो उशीर कुणाचा?

कुणी म्हणेल, रक्कम किरकोळ आहे. शिवाय दत्तक देणारी संस्था पालकांकडून ठरलेले शुल्क घेतेच. खरे आहे. पण ज्या बाळाला आईबाप लाभतच नाहीत, त्याचे काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

संत योसेफाने बाळाला येशू हे नाव दिले आणि ते बाळ दाविदाच्या घराण्यात गणले गेले. नाव देणे म्हणजे ‘तू आमचा’ असे म्हणणे. दाखला देताना समाजही तेच म्हणतो. त्याचे पैसे कसे मागावेत?

म्हणून शुल्कमाफी ही संस्थेवर मेहरबानी नव्हे, ते बाळाचे आपल्याकडचे देणे आहे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडून आपण तो शासनाकडे पाठवू या.