कारभाऱ्याची सही

दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आवारात, रविवारच्या मिस्सानंतर, एका मातेने काही वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला होता. तिच्या कन्येने विज्ञानाची पदवी मिळवून सार्वजनिक विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला होता. ‘‘सर, झाडं नि पाणी राखायचं शिकून पोट भरतं का हो?’’ निवृत्त शिक्षकाच्या सवयीने मी धीर दिला, ‘‘भरेल, काळजी करू नका.’’ माझे उत्तर खरे ठरले. मात्र ते पोट कोण भरणार, हे त्या दिवशी तिने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही.

या विद्येला आज मागणी आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. १९९४ पासून धरणे, खाणी, मोठे कारखाने अशा प्रकल्पांना परवानगीपूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल सादर करणे बंधनकारक झाले. २००६ च्या अधिसूचनेने त्या नियमांची नवी मांडणी केली. अहवाल लिहायला जाणकार हवेत, म्हणून नोकऱ्या आहेत. पण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला शुल्क देतो तो प्रकल्पाचा मालकच. परीक्षार्थीनेच परीक्षकाचे वेतन द्यावे, तशी ही व्यवस्था आहे.

ती मुलगी अशाच एका सल्लागार संस्थेत लागली. ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ भागातल्या एका जागेची पाहणी तिने मे महिन्यात केली. नकाशावर ओढा होता; जमिनीवर नुसते गोटे आणि धूळ. अहवालात वाक्य आले, ‘जागेवर वाहते पाणी आढळले नाही.’ नियम मोडला नव्हता. अशा अहवालाला बहुधा पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती पुरते. तिने त्यापुढे एक वाक्य जोडले की, पाहणी मे महिन्यातील असून पावसाळ्यात ओढा पुन्हा पाहावा. वरिष्ठांनी ते खोडले. तेव्हा अहवालावर आपले नाव घालू नये, अशी विनंती तिने केली. ती मान्य झाली आणि अहवाल गेला. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘सर, मी खोटं लिहिलं नाही. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?’’

आठव्या आज्ञेचा अर्थ आपण सहसा असत्य न बोलणे एवढाच घेतो. परंतु ती आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याविषयी आहे. शब्द खरे की खोटे, एवढ्याने तिचे समाधान होत नाही. त्या शब्दांनी ज्याचे नुकसान होते त्या शेजाऱ्याकडे ती बोट दाखवते. मग त्या कोरड्या ओढ्याचा शेजारी कोण?

आपण मुंबईकरांनी हा प्रश्न टाळणे बरे नव्हे. गिरगावातील आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी ही नावे बागांची, सी. पी. टँक आणि गोवालिया टँक ही तलावांची. बागा गेल्या, तळी बुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवताप रोखण्यासाठी कित्येक विहिरीही बंद करण्यात आल्या. या सर्वांमागे लोभच होता असे नाही. १८६० साली विहारचे, १८७९ साली तुळशीचे, १८९२ साली तानसाचे पाणी शहराला मिळू लागले आणि जवळचे पाणी राखण्याची निकड उरली नाही. आज २०१४ सालचे मध्य वैतरणा धरून सात जलाशय शहराला रोज सुमारे ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी पुरवितात. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात मात्र टँकरची वाट पाहावी लागते. नाताळपर्यंत ओढ्यावर हंडा भरणारी आणि त्यापुढे टँकरमागे धावणारी बाई, ती आपली शेजारीण आहे. तिच्याच मुलखातले पाणी पिऊन आपली मुले विद्यापीठात जातात.

तिचे ऋण पाण्यापुरतेच नाही. सार्वजनिक विद्यापीठात विद्यार्थ्याच्या शुल्कातून शिक्षणाचा सगळा खर्च भागत नाही. उरलेला भार सार्वजनिक तिजोरी उचलते. साबणाची वडी विकत घेताना ती बाईही त्या तिजोरीत आपला वाटा टाकते. म्हणजे त्या पदवीत तिचाही हिस्सा आहे. ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’ असे आपण सहज म्हणतो. संपत्ती म्हटली की मालक आला. शुभवर्तमान मात्र आपल्याला कारभारी म्हणून ओळखते, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. निसर्गाची हेळसांड आणि गरिबांची उपेक्षा ही वेगवेगळी दुखणी नव्हेत, हेच पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आग्रहाने मांडले.

त्या मुलीने नाव काढून घेतले, हे धैर्यच होते. मी तिचे कौतुक केले. पण पूर्ण समाधान झाले नाही. तिचे हात स्वच्छ राहिले, ओढ्याला मात्र साक्षीदार मिळाला नाही. हे मी तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिने नोकरी सोडावी, असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. घरी आईवडील आहेत, खोलीचे हप्ते आहेत. शिवाय जाणत्या माणसाने जागा सोडली, तर तेथे न विचारणारा येतो.

पुढे काही महिन्यांनी ती भेटली. आता ती आपल्या प्रत्येक तक्त्यात ‘पाहणीचा महिना’ असा एक रकाना आखते. वाक्य खोडता येते, रकाना खोडायचा तर सारा तक्ता बदलावा लागतो. आजवर तो कोणी खोडलेला नाही. हा काही विजय नव्हे. वाचणाऱ्याने ‘मे’ हा शब्द पाहून क्षणभर थांबावे, इतकीच तिची अपेक्षा आहे. जनसुनावणीपूर्वी असे अहवाल लोकांसाठी खुले होतात. तिने आपले काम केले. तो रकाना वाचण्याचे काम कोणाचे?