उन्हाळ्यातले काम : थकवा की कंटाळा?

एप्रिल-मे महिना आला की आपल्या सर्वांचाच कामातला जोर ओसरतो. लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन कार्यालय गाठावे, तर अकरा वाजताच जांभया सुरू होतात. मुलांच्या सुट्ट्या, लग्नसराई आणि जागरणे यांची भर असतेच. अशा वेळी मनात प्रश्न येतो : उन्हाळ्यात कामात ढिले पडणे हा आपला दोष की शरीराचा नाइलाज?

उत्तर शोधताना आपण आधी थकवा आणि कंटाळा यांत फरक करायला हवा. उष्म्यात शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी घाम गाळते. त्यात पाणी आणि क्षार जातात, हृदयालाही अधिक श्रम पडतात. हा थकवा म्हणजे आळस नव्हे. पाणी, सावली आणि झोप मिळाली की तो उतरतो. कंटाळ्याचे मात्र उलटे असते. त्याचे लाड करावेत तितका तो वाढतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांना हे चांगले ठाऊक होते. त्यांच्यापैकी इव्हॅग्रियस यांनी या मरगळीला मध्यान्हीचा सैतान म्हटले. तो साधारण सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत गाठतो, सूर्य जागचा हलतच नाही असे भासवतो, पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकवायला लावतो आणि हातातले काम व राहती जागा नकोशी करतो. सारखे घड्याळ आणि मोबाईल पाहणाऱ्या आपल्याला हे वर्णन परके वाटू नये!

त्यावरचा उपायही त्याच वाळवंटातला आहे. संत अंतोनी अशा मरगळीने हैराण झाले असता त्यांना एक माणूस दिसला, अशी कथा आहे. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करी आणि पुन्हा दोरी वळायला बसे. म्हणजे थोडे काम, थोडा विसावा आणि पुन्हा तेच काम. आपल्या वाडीतले शेतकरीही पहाटे कामाला लागतात, भर दुपारी सावली धरतात आणि ऊन कलले की पुन्हा वाडीत उतरतात. आपणही डोके लागणारे काम सकाळी उरकावे, दुपारसाठी सोपे काम ठेवावे आणि एक तरी लहान काम पूर्ण करूनच उठावे.

पण वेळ निवडण्याची मुभा सर्वांना कुठे असते? बांधकामावरच्या मजुराला किंवा रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याला 'मन लावून काम कर' असे पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनी स्वतः बाराच्या आणि तीनच्या सुमाराला बाजारात गेला होता. त्याला ऊन माहीत होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, असेच शिकवले. मग घरी काम करणाऱ्या बाईला, गवंड्याला, रिक्षावाल्याला आपण निदान पाणी विचारतो का?

१ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केला. आपल्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो. त्या निमित्ताने आपण एवढे ठरवू या : थकव्याला विश्रांती द्यावी, कंटाळ्याला काम द्यावे आणि दुसऱ्याच्या थकव्याला आळस म्हणण्यापूर्वी क्षणभर त्याच्या उन्हात उभे राहावे.