उसने रूप आणि उसने कारण

छत्रपती संभाजीनगरास एक नवे नगरसभागृह बांधावयाचे आहे आणि त्याचा आराखडा रेखाटण्याचे काम आपणांवर आले आहे, अशी वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. पहिला मोह असा होईल की, वेरूळचे खांब, दौलताबादचा मिनार, मकबऱ्याचा घुमट आणि मराठी वाड्याचा चौक अशी एकेक वस्तू उचलून एके ठिकाणी बसवावी, म्हणजे कोणी रुसावयास नको. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे धारण केलेल्या शहरात हा मोह विशेष प्रबळ असणार. परंतु अशी वास्तू ही वास्तू नसून दगडात कोरलेला तहनामा होय. घुमट एकाच्या वाट्याचा आणि शिखर दुसऱ्याच्या वाट्याचे, अशी वाटणी झाली की दोहोंची उंची मोजणारे लोक दुसऱ्याच दिवशी गज घेऊन जमतील.

तेव्हा उसनवारी न्याय्य केव्हा, हा खरा प्रश्न आहे. उसने घेणे हाच मुळी दोष, असे आम्हांस वाटत नाही. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी घडले. त्याची ठेवण पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी इतकी जुळते की, त्याचे कूळ दक्षिणेचे हे झाकत नाही. परंतु तेथे दगडावर दगड रचिला होता; येथे कारागिरांनी डोंगरच शिखराकडून पायाकडे खोदीत नेला. रूप परके; पण ते इथल्या काळ्या पाषाणाचा स्वभाव ओळखून नव्याने घडविले, म्हणून ते आपले झाले.

याच्या उलट उदाहरण म्हणून बीबी का मकबऱ्याकडे बोट दाखविण्यात येते. दिलरास बानू बेगमेच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभारलेल्या या वास्तूस ताजमहालाची दरिद्री नक्कल म्हणून हिणविण्याची रीतच पडली आहे. तळाशी व घुमटास संगमरवर आणि मधल्या भागास चुन्याचा गिलावा, हे तिचे व्यंग. आम्हांस हा निवाडा उतावळेपणाचा वाटतो. द्रव्य अपुरे पडणे हे पाप नव्हे. चुन्याने संगमरवराचे सोंग आणावे, एवढाच काय तो दोष. आणि त्याच चुन्यात जेथे नाजूक वेलबुट्टी उमटविली आहे, तेथे ते सोंग गळून पडते. मकबऱ्याचे स्वतःचे सौंदर्य तेथेच आहे.

यावरून आम्हांस असे दिसते की, उसने घ्यावयाचे ते रूप नव्हे, कारण. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीचा हौद हाच खालच्या दालनाचे छत आहे. माथ्यावरील पाण्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. मलिक अंबराने नहर बांधून, जमिनीच्या उताराचा उपयोग करून, शहरास पाणी आणिले. वाड्याची ओसरी आल्यागेल्यास बसावयास जागा देते. या तिन्ही गोष्टी ज्या गरजेतून जन्मल्या, ती गरज आजही आहे. सभागृहातील मुख्य मनुष्य सभापती नव्हे. कर भरावयास वा दाखला मागावयास आलेला आणि वैशाखाच्या उन्हात रांगेत तिष्ठणारा नागरिक होय. त्यास सावली, पाणी आणि टेकावयास ओटा मिळत नसेल, तर भिंतीवर कितीही पद्मे व कमानी कोरल्या तरी त्या त्याची थट्टाच करतील.

यावर कोणी म्हणेल की, मनुष्य सावलीवरच जगत नाही. त्यास पूर्वजांची खूणही डोळ्यांना दिसावी लागते. हे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. परंतु खूण ही मागाहून येणारी वस्तू आहे. पाणचक्की ही शहराची खूण व्हावी म्हणून कोणी बांधिली नाही. तेथे धान्य दळले गेले, यात्रेकरू विसावले, आणि मग ती खूण झाली. नव्या सभागृहाच्या ओसरीवर थंडाव्यास बसलेला मनुष्य ती ओसरी कोणाच्या वारशातून आली हे विचारणार नाही. तो शेजारच्यास थोडे सरकावयास सांगेल, आणि शेजारचा सरकेल.