मेंदूच्या धमन्या : जाळे, कडे आणि फांद्या

मेंदूला रक्त चार धमन्यांतून मिळते. मानेच्या पुढच्या भागातून श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांनी दोन कॅरोटिड धमन्या वर चढतात. कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ प्रत्येकीचे दोन भाग होतात. बाहेरची शाखा चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला रक्त देते. आतली शाखा मानेत एकही फाटा न फोडता कानाजवळच्या हाडातील बोगद्यातून कवटीत शिरते. मानेच्या मागच्या भागात दोन व्हर्टिब्रल धमन्या असतात. त्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून निघतात, मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूंना असलेल्या छिद्रांतून ओवल्यासारख्या वर जातात आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत येतात. आत आल्यावर दोघी मिळून एकच बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी पुढची आणि मागची ही दोन्ही घराणी बारीक जोडधमन्यांनी एकमेकांना मिळतात आणि एक बहुकोनी कडे तयार होते. वैद्यकात ते विलिसचे वर्तुळ म्हणून ओळखले जाते. या कड्यापासून पुढची, मधली आणि मागची अशा मस्तिष्क धमन्यांच्या तीन जोड्या निघतात आणि मेंदूचे तीन मोठे प्रांत आपसांत वाटून घेतात.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के असतो. तरीही विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे 15 टक्के भाग, म्हणजे मिनिटाला अंदाजे 750 मिलिलिटर रक्त, आणि शरीर वापरत असलेल्या प्राणवायूचा सुमारे 20 टक्के भाग एकटा मेंदू घेतो. त्याच्यापाशी साठा जवळजवळ नसतो. म्हणून या धमन्यांच्या अभ्यासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : एक वाट बंद झाली तर पुढे काय होते? त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले, आणि उत्तराबरोबर अभ्यासकांना दिसणारा आकारही बदलत गेला. कधी जाळे दिसले, कधी कडे, कधी झाडाच्या सुट्या फांद्या.

सुरुवातीला या नळ्यांत रक्त आहे हेच मान्य नव्हते. ‘धमनी’ हा शब्द फुंकणे या अर्थाच्या ‘ध्मा’ या संस्कृत धातूपासून आला आहे. भात्यातून वारा जावा तसे या नळ्यांतून काही वाहते, ही कल्पना त्या शब्दात आहे. ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही आधी श्वासनलिकेसाठी वापरला जात होता. मृत्यूनंतर धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात, तेव्हा त्यांत वायू असतो हा तर्क स्वाभाविक होता. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील एरासिस्ट्रॅटसने इसवी सनापूर्वीच्या 3 ऱ्या शतकात तोच मांडला. अर्धे अंग लुळे पडले की मराठीत ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. आजार वाताचा आहे अशी जुनी समजूत या वाक्प्रचारात टिकून आहे.

मानेतील वाहिन्यांचे महत्त्व मात्र फार आधी लक्षात आले होते. सुश्रुतसंहितेत मानेतल्या मर्मांमध्ये नीला, मन्या आणि मातृका या शिरांची नोंद आहे. नीला व मन्या दुखावल्यास वाचा जाते किंवा आवाज बदलतो आणि मातृका दुखावल्यास तत्काळ मृत्यू येतो, असे तिथे म्हटले आहे. यांतला ‘नीला’ हा शब्द मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिनीसाठी रूढ झाला आणि धमनीसाठी ‘रोहिणी’. ग्रीकांनी मानेतल्या धमनीला दिलेले ‘कॅरोटिड’ हे नाव गाढ गुंगी या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, कारण ती दाबली की माणूस गुंगतो असा अनुभव होता. दोन्ही परंपरांनी परिणाम टिपला, पण त्यामागची यंत्रणा दोघींच्याही हाती लागली नव्हती.

धमन्यांत रक्तच असते हे 2 ऱ्या शतकात गेलनने प्रयोगाने दाखवले. प्राण्यांच्या कॅरोटिड धमन्या बांधूनही त्यांना गुंगी येत नाही, हेही त्याने नोंदवले. मात्र त्याने वायूची कल्पना टाकली नाही, रक्तात मिसळून घेतली. त्याच्या मते हृदयात प्राणतत्त्व तयार होते आणि कॅरोटिड धमन्यांतून वर जाते. कवटीच्या तळाशी या धमन्या बारीक वाहिन्यांच्या दाट जाळ्यात विभागतात आणि त्या जाळ्यात प्राणतत्त्वाचे रूपांतर संवेदना व हालचाल घडवणाऱ्या सूक्ष्म मनस्तत्त्वात होते. या जाळ्याला पुढे लॅटिनमध्ये ‘रेटे मिराबिले’, म्हणजे अद्भुत जाळे, असे नाव पडले. गेलनने ते पाहिले होते, पण बैल, मेंढी, डुक्कर अशा प्राण्यांत. माणसाच्या शरीरात ते नसते.

हे न सापडणारे जाळे सुमारे 1300 वर्षे माणसाच्या शरीरशास्त्रात राहिले. मन आणि शरीर यांना जोडणारी जागा म्हणून त्याची गरज होती, आणि गरज असलेली गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. बोलोन्याच्या बेरेंगारियो दा कार्पी याने 1521 मध्ये लिहिले की अनेक शवविच्छेदने करूनही हे जाळे त्याला माणसात आढळले नाही. आंद्रेआस व्हेसॅलियसने 1538 च्या आपल्या चित्रपत्रकांत ते काढले होते. 1543 च्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने ते नाकारले आणि आधीच्या काळाविषयी मोकळी कबुली दिली : माणसाच्या डोक्यात हे जाळे दाखवता येत नसे, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी कोकराचे किंवा बैलाचे डोके तो जवळ ठेवत असे. शास्त्राच्या इतिहासात ही कबुली मोलाची आहे. ग्रंथात लिहिलेले आणि हाताला लागलेले यांत फरक पडला तर हाताला लागलेले खरे मानायचे, हा पायंडा त्यातून पडला.

जाळे गेल्यावर त्या जागी काय आहे, हे पाहण्यासाठी आधी रक्ताची चाल कळायला हवी होती. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. धमनी ही तत्त्व मुरवण्याची जागा राहिली नाही, ती रक्त वाहून नेणारी वाट ठरली. याच नजरेने स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फरने पक्षाघाताच्या झटक्याने मरण पावलेल्यांचे मेंदू उघडले. 1658 च्या ग्रंथात त्याने दोन गोष्टी मांडल्या. मेंदूत धमनी फुटून रक्त साचल्याने झटका येतो, आणि मेंदूकडे येणारे रक्त अडल्यानेही तो येऊ शकतो. रक्तस्राव आणि रक्तपुरवठ्यातील अडथळा, ही पक्षाघाताची आजची मुख्य विभागणी तिथून सुरू होते.

1664 मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ निघाला. विच्छेदनात रिचर्ड लोअरची साथ होती आणि चित्रे काढणाऱ्यांत पुढे वास्तुशिल्पी म्हणून गाजलेला क्रिस्टोफर रेन होता. मेंदूच्या तळाचे कडे विलिसच्या आधी काहींनी वर्णिले होते, वेप्फरनेही. विलिसचे वेगळेपण त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे. हे कडे कशासाठी, असे त्याने विचारले. एका कॅरोटिड धमनीत पिचकारीने रंगीत द्रव सोडला तर तो दुसऱ्या बाजूच्या वाहिन्यांतही पोहोचतो, हे त्याने दाखवले. शिवाय त्याच्याकडे एक बोलके शवविच्छेदन होते. पोटातल्या गाठीने दगावलेल्या एका माणसाची कवटीतली उजवी कॅरोटिड धमनी दगडासारखी कडक होऊन जवळजवळ बंद झाली होती, तरी त्याला झटका आलेला नव्हता. त्याच बाजूची व्हर्टिब्रल धमनी मात्र दुसऱ्या बाजूच्या धमनीच्या तिप्पट रुंद झाली होती. एक पाट बुजला तर दुसऱ्या पाटाने रान भिजते, तशी ही सोय आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. मेंदूच्या धमन्यांना प्रथमच असे काम मिळाले की जे प्रयोगाने पडताळता येत होते.

कड्याच्या या कल्पनेने दोन शतके दिलासा दिला, पण ती एका गोष्टीचा उलगडा करू शकत नव्हती. पर्यायी वाट असूनही माणसांना पक्षाघात का होतो? 1870 च्या दशकात उत्तराची दिशा बदलली. जर्मनीत यूलियुस कोनहाइमने 1872 मध्ये ‘अंत्य धमनी’ ही संकल्पना मांडली : जी शेजारणीशी जोडलेली नसते आणि जी बंद झाली की तिचा प्रांत मरतो, ती अंत्य धमनी. त्याच सुमारास लाइपझिगमध्ये ओटो हॉयब्नर आणि पॅरिसमध्ये आंरी ड्यूरे यांनी धमन्यांत रंग भरून कोणती शाखा मेंदूच्या कोणत्या भागाला पोसते, हे स्वतंत्रपणे आखले. कड्याच्या पलीकडे मेंदू झाडासारखा दिसू लागला. फांदी तुटली की तिच्यावरची पाने वाळतात. रुग्णाचा कोणता अवयव लुळा पडला, वाचा गेली की दृष्टी, यावरून कोणती फांदी बंद झाली हे ओळखणे शक्य झाले, आणि चेताविकारांच्या निदानाचा पाया घातला गेला.

जाळे की फांद्या, हा वाद पुढेही चालला. आज दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरे मानले जाते. मेंदूच्या पृष्ठभागावर शेजारशेजारच्या धमन्यांच्या टोकांना जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्यांची रुंदी आणि संख्या माणसागणिक वेगळी असते. मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या केसासारख्या धमन्या मात्र जवळजवळ पूर्णपणे अंत्य असतात. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाचा मारा त्यांच्यावरच पडतो. त्या बुजल्या तर लहान पोकळ्या उरतात आणि फुटल्या तर खोल रक्तस्राव होतो.

कड्याची प्रतिमाही सौम्य करावी लागली. अमेरिकेतील आल्पर्स आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये 350 मेंदू तपासले. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे कडे त्यांना 52 टक्क्यांत आढळले. बाकीच्यांत एखादी जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक होती किंवा मागची मस्तिष्क धमनी बॅसिलरऐवजी कॅरोटिडमधून निघत होती. याचे कारण डोरकास पॅजेटने 1948 मध्ये मानवी भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवले होते. सुरुवातीच्या भ्रूणात मेंदूचे बहुतेक रक्त कॅरोटिडमधून येते आणि व्हर्टिब्रल धमन्या नंतर घडतात. ही घडण काहींमध्ये अर्ध्या वाटेवर थांबते. म्हणजे कडे ही निसर्गाने दिलेली हमी नाही, शक्यता आहे. एकाच जागचा अडथळा एकाला जाणवतही नाही आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळवतो, याचा बराचसा उलगडा या फरकातून होतो.

हे सारे मृतांच्या शरीरावरून कळत होते. जिवंत माणसातील धमन्या दिसाव्यात यासाठी लिस्बनच्या एगाश मोनिझने क्ष-किरणांना अडवणारा आयोडीनयुक्त द्रव कॅरोटिडमध्ये टोचला आणि 1927 मध्ये जिवंत मेंदूच्या धमन्यांचे पहिले चित्र मिळवले. त्यानंतर लक्ष पुन्हा मानेकडे वळले. 1951 मध्ये मिलर फिशरने दाखवले की अनेक पक्षाघातांचे मूळ मेंदूत नसून मानेतल्या कॅरोटिडच्या दुभाजनाजवळच्या अडथळ्यात असते. तीन वर्षांतच लंडनमध्ये ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी कॅरोटिडचा रोगट भाग काढून ती पुन्हा जोडली. ही माहिती लगेच उपचारात उतरली.

प्रत्येक तर्क मात्र खरा ठरला नाही. 1967 मध्ये झुरिकला याशारगिलने टाळूवरची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडून रक्ताला नवी वाट करून दिली. विचार विलिसच्याच धाटणीचा होता. तरीही 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या शस्त्रक्रियेने सरसकट रुग्णांचे पक्षाघात टळत नाहीत असे दिसले. आज ती मोजक्या रुग्णांसाठी राखीव आहे.

नळ्यांच्या नकाशात एक उणीव उरली होती. त्यात वेळ नव्हता. 1890 मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी सुचवले की मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्याकडे जास्त रक्त ओढून घेतो. 1945 मध्ये केटी आणि श्मिट यांनी माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची रीत दिली. प्रौढात तो दर 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर भरतो. तो 20 च्या आसपास घसरला तर पेशी गप्प होतात, 10 च्या खाली गेला तर मरतात. या दोन आकड्यांच्या मधला, गप्प पण जिवंत असलेला भाग आस्ट्रप, सीझ्यो आणि सायमन यांनी 1981 मध्ये ग्रहणातल्या उपच्छायेच्या नावाने ओळखला. ही उपच्छाया किती काळ तग धरेल, हे शेजारच्या धमन्यांतून किती रक्त झिरपते यावर ठरते. 2006 मधल्या एका अंदाजानुसार मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात.

आजचा उपचार याच समजुतीवर उभा आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत दिले जाते. 2015 मधल्या पाच चाचण्यांनी मोठ्या धमनीतली गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा लाभ सिद्ध केला आणि 2018 पासून निवडक रुग्णांत ही मुदत 24 तासांपर्यंत वाढली. ही निवड घड्याळाइतकीच त्या रुग्णाच्या स्वतःच्या धमन्या पाहून होते. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठायचे ते यासाठीच.

गेलनच्या जाळ्यालाही अखेर त्याचे खरे काम सापडले. 1960 च्या दशकात मेंढ्यांवरील प्रयोगांत दिसले की नाकाकडून परतणारे थंड रक्त या जाळ्याला वेढून असते आणि मेंदूकडे जाणारे रक्त त्यात निवते. जाळे मनस्तत्त्व घडवत नव्हते, उन्हात धावणाऱ्या प्राण्याचा मेंदू थंड ठेवत होते. माणसात जाळ्यासारखे काही दिसते ते मोयामोया या आजारात. कवटीतली कॅरोटिड हळूहळू बंद होत गेली की बारीक वाहिन्या फुगून रक्ताला वाट देतात, आणि चित्रात धुराच्या लोटासारखा पुंजका दिसतो. 1969 मध्ये जपानच्या सुझुकी आणि ताकाकू यांनी त्यासाठी हे नाव रूढ केले. जाळे, कडे आणि फांद्या हे तिन्ही आकार मेंदूच्या धमन्यांत आहेत. पृष्ठभागावर जोड, तळाशी कडे, गाभ्यात सुट्या फांद्या, आणि त्यांचे प्रमाण माणसागणिक निराळे.