जीर्णोद्धाराचे वय

वेरूळला जाणाऱ्यांचे पाय आधी लेण्यांकडे वळतात आणि ते स्वाभाविकच आहे. चौतीस लेणी आणि त्यांत माथ्याकडून पायाकडे कोरत आणलेले कैलास पाहून होईपर्यंत डोळे आणि पाय दोन्ही थकून जातात. जवळच घृष्णेश्वराचे तांबड्या दगडाचे मंदिर आहे. भाविक तेथे दर्शनाला जातात. परंतु ते कोणी उभे केले याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. मालोजीराजे भोसल्यांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे सांगतात. पुढे अठराव्या शतकातील जीर्णोद्धाराचे श्रेय होळकर घराण्यातील दोन स्त्रियांना दिले जाते. एक मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि दुसऱ्या त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई. सासूसुनांची नावे एकाच वास्तूशी आदराने जोडली जावीत, हीदेखील आपल्याकडे तशी दुर्मीळच गोष्ट!

या दोघींच्या निमित्ताने आम्हांला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. आयुष्याची चाळीस वर्षे घराच्या चौकटीत किंवा एकाच ठरावीक कामात गेलेली स्त्री नव्या कामाच्या उंबरठ्याशी येते आणि म्हणते, "आता या वयात मला हे कसे जमणार?" तिच्या या बोलण्याला आपण विनय म्हणावे की भीती? आणि तिने "मला जमेल" असे म्हटले, तर तो आत्मविश्वास समजावा की अहंकार? आपल्या कुटुंबांत हा प्रश्न शब्दांत क्वचित विचारला जातो. पण त्याचे उत्तर मात्र घरोघरी रोज दिले जात असते. बहुधा ते स्त्रीच्या विरुद्धच जाते.

अहिल्याबाईंचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १७२५ साली चौंडीच्या पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहान वयातच त्या होळकरांच्या घरी सून म्हणून आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. त्या वेळी सती जाण्याच्या निश्चयापासून सासऱ्यांनी त्यांना परावृत्त केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली, तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. आजच्या भाषेत बोलायचे, तर चाळिशी उलटल्यावर त्यांच्या आयुष्याचे काम बदलले. तेही कोणत्या परिस्थितीत? घर रिकामे झालेले, दिवाण दत्तकाच्या बाजूचा आणि राघोबादादांची फौज माळव्यात येऊन ठेपलेली.

त्या डगमगल्या नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. थोरांची चरित्रे सांगताना आत्मविश्वास जणू जन्मतःच अंगावरच्या दागिन्यासारखा होता, असे सांगण्याची आपल्याला सवय आहे. त्यामुळे वाचणाऱ्या सामान्य स्त्रीला धीर मिळण्याऐवजी तिचा उरलासुरला धीरही जातो. 'त्या अहिल्याबाई होत्या, मी कोण?' असे तिला वाटते. म्हणून १७६७ या वर्षाकडे पाहण्यापूर्वी त्याआधीच्या तेरा वर्षांकडे पाहिले पाहिजे.

त्या तेरा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. पहिली हिशेबाची. १७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगीचे उत्पन्न मिळाले होते. दौलतीचा खजिना वेगळा आणि घरच्या स्त्रीची खासगी वेगळी, अशी व्यवस्था होती. १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्यावर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. गावे, वसुली, जमाखर्च यांचा अनुभव त्यांना सत्तेच्या कितीतरी आधी मिळालेला होता. पुढे देशभर त्यांनी जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, त्यांमागे मुख्यतः ही खासगीच होती. दुसरी गोष्ट मल्हाररावांची. त्यांनी सुनेला केवळ जगविले नाही, तर कामाला लावले. १७६५ मधील त्यांच्या पत्रव्यवहारात ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी, तोफखान्याविषयी आणि दारूगोळ्याच्या तजविजीविषयी सुनेला केलेल्या सूचना आढळतात. तोफखान्याची व्यवस्था मुलाच्या विधवेवर सोपविणारा सासरा अठराव्या शतकात होता, ही गोष्ट आजच्या सासऱ्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे.

येथे आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग सापडतो. आत्मविश्वास आधी येतो आणि मग माणूस कामाला लागतो, हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात क्रम पुष्कळदा उलटा असतो. आधी दुसरे कोणीतरी विश्वास टाकते. त्या विश्वासापोटी काम हाती येते. काम चुकतमाकत पुरे होते आणि त्यानंतर स्वतःवरचा विश्वास उगवतो. ज्याच्यावर कोणी कधी काही सोपविलेच नाही, त्याच्याकडून आत्मविश्वासाची अपेक्षा धरणे हे न पेरलेल्या शेतात उभे राहून पिकाची वाट पाहण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, त्यांच्यामागे दौलत होती, नाव होते; आमच्या घरच्या बायकांचे काय? आक्षेप रास्त आहे. त्यासाठी दौलतीचा वारा न लागलेल्या एका स्त्रीकडे पाहू. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. पतीने घरीच शिकविले तेवढे त्यांचे शिक्षण. १९१९ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले, तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम पत्करले. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे अवघड कामही त्यांनी हाती घेतले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली आणि शाळा न पाहिलेल्या या बाईंच्या गद्याने मराठी आत्मचरित्राला नवे वळण दिले. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य ज्या अनुभवांत आहे, ते अनुभव स्वयंपाकघरातले, प्रवासातले, सोवळ्याओवळ्याचे, रुसव्याफुगव्याचे आहेत. आयुष्याचा जो भाग वाया गेला असे कोणाला वाटले असते, तोच पुढे त्यांच्या कामाचे भांडवल ठरला.

म्हणूनच उतरत्या वयातील कामबदलाला 'नव्याने सुरुवात' म्हणण्यापेक्षा जीर्णोद्धार म्हणणे आम्हांला अधिक योग्य वाटते. जीर्णोद्धार करणारा जागा बदलीत नाही आणि गाभाऱ्याचे पावित्र्य मोडीत नाही. जे खचले ते तो उतरवितो, जे भक्कम आहे ते राखतो आणि त्याच जागी पुन्हा बांधकाम चढवितो. वीस वर्षे घर चालविलेल्या स्त्रीला अपुऱ्या पैशांत महिना काढणे ठाऊक असते. आजाऱ्याची उस्तवार, रुसलेल्यांची समजूत, दहा कामांत आधी कोणते हे ठरविणे, हे सारे तिला येत असते. ती शिक्षिका होवो, परिचारिका होवो, छोटा व्यवसाय काढो की बचत गटाचे हिशेब सांभाळो, तिच्या हाताशी एवढा दगड तयार असतो. तो दगड कोणी मोजलेला नसतो, इतकेच. तिने स्वतःही नाही.

आता अहंकाराचा प्रश्न. ख्रिस्ती नीतिविचारात नम्रतेला फार मोठे स्थान आहे आणि तिच्याच नावाखाली आपण पुष्कळदा भित्रेपणाची पाठराखण करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी मनाच्या थोरपणाला सद्गुण मानले आणि आत्मविश्वासाचा संबंध त्याच्याशी जोडला. नम्रता आणि मनाचा थोरपणा यांत त्यांना विरोध दिसला नाही. कारण नम्रता आपल्या उणिवा ओळखते आणि थोरपणा आपल्याला मिळालेले दान ओळखतो. आपल्या शक्तीच्या आवाक्यातील कामाकडे पाठ फिरविणाऱ्या क्षुद्र मनाला मात्र त्यांनी दोष म्हटले आणि त्यासाठी धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराचा, संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला घेतला. त्या नोकराने धन उधळले नव्हते, चोरलेही नव्हते. तो घाबरला होता आणि म्हणून त्याने ते पुरले. हा दाखला आपण मुलांना पुष्कळदा सांगतो. मुलांच्या आईला तो कधी लागू करून पाहिला आहे का?

खरा आत्मविश्वास ओळखावा कसा, यालाही अहिल्याबाईंच्या कारभारातच उत्तर आहे. सूत्रे हाती आल्यावर त्यांनी फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि मुलकी कारभार महेश्वराहून स्वतः पाहिला. पुढे कुरबुरी झाल्या, तरी १७९५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, ही विभागणी चालली. आपल्याला काय येते याबरोबरच काय दुसऱ्याकडे द्यावे हेही त्या जाणत होत्या. सगळे मीच करणार, हा हट्ट अहंकाराचा. मला काहीच येणार नाही, ही तक्रार भीतीची. हे माझे आणि हे तुमचे, असे शांतपणे म्हणता येणे ही आत्मविश्वासाची खूण.

या सर्वांत एक जबाबदारी उरते आणि ती त्या स्त्रीची नाही. "घर कोण पाहणार?" हा प्रश्न खोटा नाही. घराला माणूस लागतेच. परंतु हा प्रश्न तिला एकटीला विचारला जातो, तेथे अन्याय सुरू होतो. तो प्रश्न सगळ्यांनी जेवणाच्या पाटावर बसून एकमेकांना विचारला, तर चार हातांतून चार उत्तरे निघतील. कोणी पाणी भरील, कोणी आजीला औषध देईल, कोणी तिच्या पहिल्या महिन्यातील चुका हसण्यावारी नेण्याचे टाळील. शेवटची मदत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ आहे.

आपल्या धर्मग्रामांत अशा कितीतरी माता, भगिनी आहेत. मुले मोठी झाली, कुणाचा आधार गेला, कुणाची गिरणी बंद पडली, आणि त्या उंबरठ्याशी येऊन थबकल्या आहेत. त्यांना धीराचे शब्द आपण पुष्कळ देतो. त्यांच्यावर काहीतरी खरेखुरे सोपविले पाहिजे. एखादे काम, एखादी किल्ली, एखादी हिशेबाची वही.