नंबराचा रुपया

माणूस खरा आहे असं सांगायचं झालं तर आपण म्हणतो, नाणं खणखणीत आहे. पूर्वी रुपया घेताना दगडावर टाकून बघायचे. चांदीचा असला तर वाजायचा, बद्द आवाज आला तर काहीतरी भेसळ. आमच्या लहानपणी हे वाजवून बघणं संपलेलं होतं, कारण १९४७ सालापासून रुपयात चांदीच राहिली नव्हती. पण शब्द राहिला. तीन वर्षांपूर्वी कलमांचं काम मुलाच्या हातात दिलं आणि मला नाण्यांचा नाद लागला. या नादात पहिलं कळलं ते हे, की आजच्या बाजारात मान त्या रुपयाला जास्त, जो वाजवून बघताच येत नाही. तो प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद असतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत १९८६ आणि १९८७ साली पीसीजीएस आणि एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. तुम्ही पैसे भरून नाणं पाठवायचं. त्यांची माणसं ते बघतात, खरं की खोटं ठरवतात, १ ते ७० मधला एक नंबर देतात आणि जाड पारदर्शक डबीत घालून डबी अशी बंद करतात की फोडल्याशिवाय उघडायची नाही. ६० च्या पुढचा नंबर म्हणजे नाणं व्यवहारात फिरलेलंच नाही. ७० म्हणजे पाचपट मोठं करून बघितलं तरी दोष नाही. डबीवरचा क्रमांक इंटरनेटवर टाकला की त्याची नोंद निघते.

दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला मार्क म्हटले की एक पस्तीस कळतात आणि एक शंभर. हे सत्तर कुठून आलं, याचा मी शोध घेतला. विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याला जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद. त्याने १९४९ साली हिशेब मांडला, की अगदी झिजून गेलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची सत्तरपट. म्हणजे नंबर हा मुळात गुण नव्हताच, भाव होता. पुढे भाव कुठल्या कुठे गेले, नंबर तेवढा राहिला. आणि ऐका, हा शेल्डन वारल्यानंतर उघडकीस आलं की न्यूयॉर्कच्या एका नाणेसंस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याने त्या जागी आपल्याकडचे हलके ठेवले होते. प्रकरण कोर्टात गेलं. ज्याने जगाला नाण्याची प्रत ठरवायला शिकवली त्याने प्रतीचाच अदलाबदल केला. मला याचं हसू आलं, पण फार नाही. माप खोट्या माणसाने केलं म्हणून माप खोटं होत नाही. वाण्याचा शेर बरोबर असू शकतो, वाणी कसाही असो.

आता मी देवगडचा, म्हणजे प्रतवारी हा शब्द मला नाण्याकडून नाही, आंब्याकडून माहीत. उभं आयुष्य आंबे निवडण्यात गेलं. झेल्याने उतरवलेला आंबा हातात घेतला की चार डझनीत जाणार, पाच डझनीत की सहात, हे हातच सांगतो. डागी बाजूला, बारका बाजूला, उरलेला कॅनिंगला. आमचे बाबा म्हणायचे, "आंबो हातात घेतल्याबिगर कळणा नाय." आणि हातात घेऊनही साका कळत नाही. वरून सोन्यासारखं फळ, देठाशी वास, आणि कापलं की आत पांढरा, आंबट, रबरासारखा गर. हापूस पिकवणाऱ्याचा तो कायमचा शाप आहे. म्हणून निवडणाऱ्याच्या अंगी थोडी नम्रता राहते.

पण निवडतो कोण, हा खरा प्रश्न. मी घरी पहिल्या प्रतीची म्हणून भरलेली पेटी वाशीला जाऊन दुसऱ्या प्रतीची झालेली मी पाहिली आहे. एका आडत्याने पेटीतला वरचा थर उचकटला, एक फळ दाबलं आणि आकडा बोलला. झालं. तोच घेणार, तोच प्रत ठरवणार. आपण रातोरात टेम्पोतून गेलेलो, आंबे परत कोकणात न्यायचे का? तेव्हा कुणी तिसरा माणूस असता, ज्याला विकायचं नाही की घ्यायचं नाही, त्याने सांगितलं असतं ही प्रत अमुक, तर मी त्याला जेवू घातलं असतं. म्हणून जुने छंदवाले लोक डबीवाल्यांना नावं ठेवतात, "डोळे आहेत ना तुम्हाला, मग दुसऱ्याला पैसे देऊन कशाला विचारता?" असं म्हणतात, तेव्हा मला वाटतं यांची पेटी कुणी उचकटलेली नाही. ज्याचे डोळे तयार आहेत त्याला डबी नको. ज्याचे तयार नाहीत तो डोळेवाल्याच्या हातात सापडतो.

याचा अनुभव नादाच्या दुसऱ्याच वर्षी आला. आमच्या पंचक्रोशीतली एक म्हातारी दवाखान्याच्या खर्चासाठी अकरा रुपये घेऊन माझ्याकडे आली. सोनार चांदीच्या वजनाने घेत होता. रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात अकरा हिस्से चांदी आणि एक हिस्सा भेसळ, तेव्हा सोनाराचा हिशेब तसा चुकीचा नव्हता. पण एका रुपयावर १९११ होतं. त्या सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गंमत अशी, की राजाच्या झग्यावर साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा आणला. म्हणून ११ सालचा रुपया संग्राहक जास्त देऊन घेतात. म्हातारीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं आणि मला तो हवाही होता.

सांगायचं की नाही? बाजाराचा नियम विचाराल तर आपलं ज्ञान ही आपली कमाई. वाशीचा आडत्यादेखील हेच म्हणेल. मी तिला सांगितलं आणि त्या एका रुपयाचे वेगळे पैसे दिले. पण नंतर विचार केला की किती दिले ते कुणी ठरवलं? मीच. घेणाराही मी आणि पारखणाराही मी. ती मला "देव बरां करूंदे" म्हणून गेली, पण मी दिलेला भाव रास्त होता याला माझ्याशिवाय साक्षीदार नाही. डबी असती तर साक्षीदार असता. डबीच्या बाजूने एवढा मुद्दा मला कुणी खोडून दाखवलेला नाही.

तिसऱ्या माणसाची ही पद्धत काही अमेरिकेतून आलेली नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालायचे, गावाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे त्यांचा बट्टा बदलायचा, आणि खरं-खोटं बघायला सराफ नाहीतर पोतदार लागायचा. तो रुपयाला बारीक टोचा मारून चांदी आतपर्यंत आहे का बघायचा. असे टोचे मारलेले जुने रुपये अजून मिळतात. म्हणजे त्या काळी पारख नाण्याच्या अंगावरच होत होती आणि टोचा हाच भरवसा होता. आजच्या प्रतवारीत तोच टोचा दोष ठरतो. पूर्वीच्या परीक्षेत पास झाल्याची खूण आताच्या परीक्षेत मार्क कापते.

आमच्याकडे आंब्यालाही आता डबीसारखंच झालं आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगड म्हणून विकायचा थांबला नाही. मग २०२५ च्या हंगामापासून तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं. काढायला गेलं की फाटतं, दुसऱ्या फळाला लावता येत नाही. मी त्याच्या बाजूचा आहे. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला माझं कातळ दिसत नाही, मी दिसत नाही, त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

पण हे स्टिकर काय सांगतं ते नीट बघा. हा आंबा कुठला, एवढंच. गोड किती ते सांगत नाही. खरं की खोटं हा एक प्रश्न आणि बरं की वाईट हा दुसरा. डबीवाले दोन्हीची उत्तरं एकाच कागदावर छापतात आणि घेणारा दोन्ही एकाच भरवशाने वाचतो. पहिल्या उत्तराबद्दल माझी तक्रार नाही. शिवराईच्या आणि होनाच्या नकला आज बाजारात बऱ्याच आहेत, नवशिक्याने तिथे जाणत्याला विचारावंच. पण ६४ आणि ६५ यातला फरक? हौशी लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात आणि कधी कधी एक नंबर वाढून मिळतो. नाणं तेच. मधल्या काळात ते काही सुधारलेलं नसतं. सोमवारी तपासलेला पेपर आणि शुक्रवारी तपासलेला पेपर यात जेवढा फरक पडतो तेवढा हा, पण त्या एका मार्कावर भाव कधी दुपटीने हलतो.

आणि फिरलेलं नसणं हा एवढा मोठा गुण का, हे मला नीट पटत नाही. ६५ चा रुपया म्हणजे कुणाच्या मजुरीत न पडलेला, कुणाच्या लुगड्याच्या गाठीत न बांधलेला, कुणाच्या लग्नात आहेर म्हणून न दिलेला. टांकसाळीतून निघाला तो पेटीत जाऊन पडला. माझ्याकडच्या शिवराया बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असायला हवं, तिथे कुठे 'श्री' उरलाय, कुठे नुसती रेघ. महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणं चालू झालं आणि पुढे दीडशे वर्षं कुठे ना कुठे पाडलं जात होतं. बाजारात भाजी घेता घेता अक्षरं गेली. नाण्याचं काम त्याने केलं. (माझे एक मित्र म्हणतात, मग फाटका सदरा नव्यापेक्षा महाग विकायचा का? नाही. पण फाटला म्हणून तो सदरा कामाचा नव्हता असंही म्हणायचं नाही.)

हे सगळं बसून विचार करण्यापुरतं राहिलं असतं. पण बाबा गेल्यावर देवघरातली पिशवी वाटायची वेळ आली. त्यात राणीछाप आणि पंचम जॉर्जचे मिळून तेवीस रुपये, गोव्यातले पोर्तुगीज राजाच्या छापाचे दोन, आणि मूठभर शिवराया. एका रुपयाला कडी डाखलेली, आईच्या गळ्यातली. आम्ही तिघं भावंडं. मधला भाऊ मुंबईला असतो, त्याचं म्हणणं, सगळी नाणी नंबर लावून घेऊ, किमती काढू आणि सारखे तीन भाग करू. यात वावगं काहीच नव्हतं. उलट भांडण नको म्हणूनच तो बोलत होता. धाकट्या बहिणीला, बायला, हे पटेना. "दादा, देवाच्या रुपयांका नंबर कित्याक व्हयो?" एवढंच ती मला म्हणाली.

तिथे दोन अडचणी निघाल्या. एक कायद्याची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरातन वस्तू, ती खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायची नाही. म्हणजे अमेरिकेचा रस्ता बंद. दुसरी अडचण आईची. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती सगळे रुपये चिंच आणि राख लावून लख्ख घासायची. "काळी लक्ष्मी देवाक दाखवची नाय" हा तिचा नियम. आणि घासलेल्या नाण्याला डबीवाले नंबर देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. भाऊ हळहळला, "आयेन पन्नास वर्सां घासून सगळ्याची वाट लावल्यान."

नव्या छंदवाल्याला मीही सांगतो, नाणं घासू नको. विकत घेतलेलं किंवा जमिनीत सापडलेलं नाणं म्हणजे पुढच्या माणसाची ठेव, त्याच्यावरचा काळा थरसुद्धा पुरावा असतो. पण आईला मी हे सांगितलं असतं का? तिने ते रुपये बाजारासाठी ठेवलेच नव्हते. ज्या शर्यतीत ती उतरली नाही तिच्यात तिला नापास करणारे आपण कोण? भावाचं नुकसान खरं आहे, तो पैशाच्या भाषेत बोलला आणि त्या भाषेत ते बरोबर आहे. मात्र वस्तूची किंमत कमी होणं आणि वस्तूचं वाईट होणं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य मला तरी त्या रुपयांबद्दल बोलता येत नाही. राणीचं नाक सपाट झालंय ते आईच्या अंगठ्याने.

शेवटी जुन्या रीतीने वाटण्या केल्या. भाग मोठ्याने पाडायचे आणि उचलायचं धाकट्यापासून. या रीतीत पारख लागतेच, पण पाडणाऱ्याला लबाडी करून फायदा नाही, कारण उरलेला भाग त्याचा. मी दोन संध्याकाळ भिंग घेऊन बसलो आणि जमले तेवढे सारखे तीन ढीग केले. बायने कडीवाला रुपया होता तो ढीग उचलला. कडी डाखलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी जवळजवळ मोडीतच. मी ते जाणून त्या ढिगात पोर्तुगीज रुपया एक जास्त टाकला होता, तो तिने न बघताच भावाच्या ढिगात सरकवला. भावाने बराच वेळ फोनवर भाव बघून दुसरा घेतला. तिसरा माझ्याकडे आला, त्यात झिजलेल्या शिवराया जास्त.

दिवाळीला तिघांनी आपापली नाणी पूजेला आणायची असं ठरलं. भावाने त्याची मुंबईहून छोट्या प्लास्टिकच्या पाकिटांत घालून आणली, हात लागू नये म्हणून. बायने तिची चिंचेने घासली होती. ताटात सगळी एकत्र मांडली आणि बाय कुंकवाचा करंडा घेऊन पाकिटांपाशी थांबली. "दादानू, ह्यांका खय लावू? वरसून?"

भाऊ म्हणाला, "वरसूनच लाव."