सणाहून नाझरेथला परतताना



आज प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. आजच्या उपासनेबरोबर नाताळचा काळ संपतो आणि उद्यापासून सामान्य काळ सुरू होतो. वेदीवर पांढऱ्याच्या जागी हिरवा रंग येईल, गव्हाणीतल्या मूर्ती कापसात गुंडाळून पेटीत जातील. ख्रिस्तसभा हा बदल एका दिवसात करते. आपल्या घरातील चिमुकल्यांना मात्र तो एका दिवसात जमत नाही.

मध्यरात्रीची मिस्सा, मामाकडचा मुक्काम, केक, करंज्या, पाहुण्यांबरोबर बारापर्यंतचे जागरण. आणि मग एके दिवशी सकाळी सहाला अंगावरचे पांघरूण ओढले जाते. बाबांची लोकल चुकत असते, आईचा डबा भरायचा राहिलेला असतो, आजी वेणी घालत असते आणि मूल पायात बूट घालू देत नाही. मग एक धपाटा बसतो. वर धमकी, "थांब, टीचरलाच सांगते तुझ्या!" ज्या टीचरच्या हाती आपण मूल सोपवणार, तिचीच भीती आपण घालायची, हे काही बरे नव्हे.

बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आपण संत लूकच्या शुभवर्तमानात अनेकदा ऐकली आहे. वल्हांडण सण आटोपून घरी परततानाच तो हरवला. मरियामाता आणि संत योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले होते; मागे फिरून शोधता शोधता तो तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला. पुढे तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानाने आणि शरीराने वाढला. त्यानंतर त्याने कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. मधल्या अठरा वर्षांबद्दल शुभवर्तमान जवळजवळ काहीच सांगत नाही. ती वर्षे रोजच्या भाकरीत, कामात आणि प्रार्थनेत गेली असणार.

ही नाझरेथची शिस्त आपल्या घरी कशी आणायची? सुरुवात झोपेपासून करू या. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास. म्हणजे सहाला उठणारे बालवाडीतले मूल आठ-साडेआठला अंथरुणात हवे. आपली मालिका त्याच वेळी असते, हे आम्हांला ठाऊक आहे! पण आपण टीव्हीसमोर बसून मुलाला "झोप जा" म्हटले तर ते जाणार नाही. रोज पंधरा मिनिटे लवकर, असे करत आठवडाभरात वेळ जुळते. उठवल्यावर त्याला अंगणात किंवा गॅलरीत उजेडात न्यावे. झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर ठेवावा. रविवारीही उठण्याची वेळ फार पुढे ढकलू नये. सकाळची मिस्सा इथे आपोआप मदतीला येते.

लहान मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. जेवण, दात घासणे, उद्याचा गणवेश खुर्चीवर ठेवणे, क्रूसासमोर छोटी प्रार्थना, मग दिवा बंद. हा क्रम रोज तोच ठेवला की मूल पुढची पायरी स्वतःच सांगू लागते. सुट्टीत घरोघरी आधी सुटते ती रात्रीची प्रार्थना. ती पुन्हा सुरू करू या, दोनच मिनिटांची का होईना.

सकाळी उपदेश नको, आधी पोटात काही जाऊ द्या. याईराच्या मुलीला प्रभूने उठवले, तेव्हा तिला खायला द्या असे सांगायला तो विसरला नाही.

दोन-तीन आठवडे उलटूनही मूल रोज शाळेच्या वेळीच रडत असेल, पोट दुखते म्हणत असेल, तर तो आळस आहे असे ठरवून मोकळे होऊ नका. वर्गात कुणी चिडवते का, मारते का, रिक्षात किंवा बसमध्ये काही घडते का, हे त्याला जवळ घेऊन विचारा. टीचरना भेटा, गरज वाटल्यास डॉक्टरांनाही दाखवा. तीन दिवसांच्या काळजीनंतरही मरियामातेने येशूला आधी प्रश्नच विचारला होता.